पेरूचं जेवण

रेल्वे दवाखान्यामागच्या गल्लीत
भिकन टेलरचं दुकान होतं तिथे
पाटी लागली : पेरूचं जेवण.
कोकिळाताई झोपे म्हणाल्या, भाजी करत असतील.
पिकल्या पेरूची होते, गूळ घालून.
कोशिंबीरही होते. पण अख्खं जेवण?
बियांनी दात जायचे.

हे म्हणाले, देश आहे तो.
नकाशात खाली, डावीकडे.
आपला पास चालत नाही तिथे.

गेलो. टेबलं चार, माणसं आम्ही दोन.
पंखा भिकनचाच, तीच टकटक.
त्याची टेप टांगायचा खिळाही तसाच,
आता त्यावर एक लोकरी टोपी,
कानांवर झापडं असलेली.
बाहेर पंचेचाळीस.

मालक फेगडे, फैजपूरकडचा.
अकरा वर्षं जहाजावर स्वैपाकी.
एकदा पाय मोडला, जहाजाने तिथेच उतरवलं.
सात महिने होता.
कुणाच्या घरी, ते सांगितलं नाही.
आम्हीही पाणी प्यायलो.

आधी आला मासा. हतनूरचा, कच्चा, लिंबात.
विस्तव लागत नाही, तो म्हणाला,
लिंबूच शिजवतं.
हे म्हणाले, भुसावळात मे महिन्यात
लिंबूही कशाला, पत्र्यावर ठेव.
फेगडे हसला, पण लक्ष त्याचं ताटलीकडे.
मी मासा खात नाही.
कडेचा कांदा उचलला, त्याच रसात बुडालेला,
आणि हे मान वळवेपर्यंत गिळून टाकला.
एवढं चालतं की नाही
हे विचारावं तरी कुणाला?

मग बटाटा. उकडून गार केलेला,
वर हिरवट, दाट काहीतरी.
शेंगदाणे ओळखले.
मिरची ओळखली, भिजवून वाटलेली.
पण त्यांच्या मागे उभा एक वास,
ओला, कडसर,
आणि नाव काही येईना.
तिसरी फोड संपता संपता आलं :
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी
दारावरचं तोरण उतरवताना
हाताला लागतो तो.

झेंडू? मी विचारलं.

फेगडे खुर्ची ओढून बसला.
म्हणाला, तिकडे एक पान असतं,
झेंडूची बहीण म्हणा ना.
त्या घरी दारातच उगवायचं.
इकडे सगळा तापीकाठ हिंडलो, नाही मिळालं.
शेवटी फुलवाल्याच्या टोपलीतलं चुरडून पाहिलं.
मुळात नाही ते. जवळपास आहे.
चार महिन्यांत
तुम्हीच पहिल्या ओळखणाऱ्या.

एवढं बोलून उठला. मग दारातून विचारलं,
तिखट लागलं?

आता काय सांगावं.
शेवभाजीचा तवंग नुसता पिणारी आपण माणसं,
भरताच्या वांग्यापेक्षा मिरच्याच जास्त भाजणारी.
हे तोंड उघडणार
तेवढ्यात मी टेबलाखाली पायावर पाय दिला.
लागलं, म्हटलं. चांगलंच लागलं.
आणि पदराने डोळे पुसले,
कोरडेच.

बिल सहाशे चाळीस.
एवढ्यात कुठवर जाऊन आलो असतो,
हे रस्ताभर हिशेब करत होते.
जन्म पासावर गेला,
तिकिटाचे भाव ह्यांना माहीत नाहीत.
घरी येऊन उभ्या उभ्या
मिठात बुडवून हिरवी मिरची खाल्ली, दोन.
मी रात्री उशिरापर्यंत
हात धुतले नाहीत.

सकाळी कोकिळाताई कुंपणावरून,
काय वं, कशी लागली पेरूची भाजी?
बिया नव्हत्या, म्हटलं.
मग व्हतं काय?
त्यांच्याच कुंडीतलं झेंडूचं पान तोडलं,
चुरडून नाकाशी धरलं त्यांच्या.
हुंगलं. पुन्हा हुंगलं.
येडी झाली का वं, म्हणाल्या,
दसऱ्याले टाइम आहे आजून.